आकाशाचे जावक कारकून

आधी उपकार कुणाचे ते सांगते, मग काय झालं ते. उपकार आमच्या शेडमधल्या काकांचे. मी हे लिहिते आहे असं त्यांना कळलं तर पहिला प्रश्न विचारतील, "जावक क्रमांक टाकला का?" टाकलेला नाही. म्हणजे त्यांच्या हिशेबाने हा कागद अजून जन्मालाच आलेला नाही, आणि त्यात मी त्यांची कितीही टिंगल केली तरी ती झाली असं धरता येत नाही.

मी हिंगोलीकडची. नववी पास झाले, दहावीची पुस्तकं घरात आली आणि पाठोपाठ पाहुणे आले. पुस्तकं धाकट्या बहिणीला गेली, मी चाकणजवळच्या चिखलीला आले. नवरा चाकणला कंपनीत, शिफ्टवर. मी दोन गल्ल्या पलीकडच्या शेडमध्ये. तिथे शेतात औषध फवारायचे ड्रोन जोडतात. माझं काम सोल्डरिंगचं. भीती माझ्या अंगातच आहे. गेटवरचा वॉचमन बदलला तरी मला वाटतं, आता आपल्याला काढणार. शेठनी हाक मारली की उठता उठता मी डबा पिशवीत भरून घेते, म्हणजे परत यायला नको.

काका हे शेठचे सासरे. त्यामुळे त्यांना मात्र कुणी काढू शकत नव्हतं. त्यांची अख्खी नोकरी एका सरकारी कचेरीच्या जावक विभागात गेली. येणारी पत्रं दुसऱ्या टेबलावर, जाणारी काकांच्या. आत काय लिहिलंय याच्याशी त्यांचा संबंध नाही. नंबर टाकायचा, शिक्का मारायचा, सोडून द्यायचं. इतकी वर्षं खाली मान घालून नंबर टाकल्यामुळे मानेचे मणके गेले आणि गळ्याला पांढरा पट्टा आला. आमच्या शेडमध्ये आकाशाची जबाबदारी ज्या एका माणसावर होती, त्या माणसाला मान वर करता येत नव्हती.

ही जबाबदारी त्यांच्याकडे आली ती सरकारमुळे. ड्रोन वाढले तसे नियमही वाढले. प्रत्येक यंत्राला नंबर, कुठे उडवायचं त्याचा नकाशा, किती उंच त्याची हद्द, उडवणाऱ्याला प्रमाणपत्र. शेठ चाकणकडच्या जुन्या शेतकरी घरातले, वाचण्यापेक्षा बोलण्यावर भरवसा असलेले. म्हणाले, "ह्ये कागद वाचायचे म्हंजी मला दुसरा जल्म घ्यावा लागंल." तेव्हा त्यांची बायको म्हणाली, "आमच्या बाबांना न्या शेडवर. घरात बसून मला कुकरच्या शिट्ट्यांचे नियम सांगतात." असे काका आले, टेबल आलं, शिक्का आला, आणि आमचे सुखाचे दिवस संपले.

काका कुणालाही नावाने हाक मारत नसत. सगळे 'अर्जदार'. "अर्जदार, चहा दोन की तीन?" "अर्जदार, आपली चप्पल वाटेत आहे." जावयाला सकाळी नऊ ते सहा 'व्यवस्थापक महोदय' आणि सहा वाजून एक मिनिटाने 'जावईबापू'. एकदा शेठ सहाला दोन मिनिटं कमी असताना म्हणाले, "मामा, चला घरी, पोरीनं मटन केलंय." काका म्हणाले, "महोदय, आपला विषय कार्यालयीन वेळेनंतर विचारात घेण्यात येईल." आणि दोन मिनिटं तसेच बसून राहिले.

शेडच्या मागे शेठचं घर. त्याच्या गच्चीवर आम्ही बाया डबा खायचो. नियम आम्हाला समजावेत म्हणून काकांनी ती गच्ची ऑइलपेंटने रंगवली. हिरवा पट्टा, पिवळा पट्टा, लाल पट्टा. सरकारने आकाश असंच वाटलंय म्हणाले. हिरव्यात खुशाल उडा, पिवळ्यात विचारून, लालमध्ये पाऊल नाही. आम्ही हिरव्यात जेवायचं, पिवळ्यात हात धुवायला त्यांना विचारून जायचं. लालमध्ये त्यांची स्वतःची खुर्ची, कारण सावली तिथेच होती. शेठच्या बायकोने एकदा लोणच्याच्या बरण्या लालमध्ये उन्हाला ठेवल्या. काकांनी पोटच्या पोरीला लेखी नोटीस दिली. दुसऱ्या दिवशी त्यांचा डबा आला नाही. त्यांनी वहीत लिहिलं, 'आवक : निरंक', आणि पाणी प्यायले.

नियम बदलले की आम्ही हसायचो, पण काकांना ते सणासारखं वाटायचं. सरकारची तऱ्हा पहिल्यांदा पोळ्या करणाऱ्या नवऱ्यासारखी. लाटायचं, बिघडलं की गोळा करायचा, परत लाटायचं. दरवेळी काका जुन्या नियमावर नव्या दुरुस्तीची पट्टी खळीने चिकटवायचे. पट्ट्यांवर पट्ट्या चढून फाइल उशीएवढी झाली. दुपारच्या सुट्टीत ती ते मानेखाली घ्यायचे. डॉक्टरने सांगितलेल्या उशीपेक्षा बरी म्हणायचे.

आमचा पायलट दत्ता. शेडमधला एकटाच प्रमाणपत्रवाला. तो अर्ज करत होता तेव्हा पासपोर्ट लागतो असा नियम होता. दत्ताने आयुष्यात नगर ओलांडलेलं नाही. काकांनी त्याला पासपोर्टच्या मागे लावलं. पोलीस चौकशीला घरी आले, आईने रडून गल्ली गोळा केली, शेवटी पासपोर्ट आला. आणि पाठोपाठ सरकारची दुरुस्ती आली की पासपोर्टची अट काढली, दुसरं ओळखपत्र चालेल. दत्ता ती छोटी निळी वही घेऊन काकांसमोर उभा राहिला.

"काका, आता याचं काय करू?"

काका म्हणाले, "परदेशी जा."

काकांची दोन वाक्यं शेडमध्ये म्हणींसारखी चालायची. एक, "आधी कागद उडू द्या, मग यंत्र." दुसरं, "आकाश आपल्या बापाचं नाही, अर्जदार. आपण तिथले भाडेकरू. भाडेकरूने खिळा ठोकतानाही विचारावं." चारशे फुटांच्या वर जायचं नाही हा नियम त्यांनी इतका मनावर घेतला होता की रिमोटच्या आकड्यावर त्यांचा विश्वास बसेना. पहिल्या चाचणीला त्यांनी ड्रोनच्या पायाला चारशे फूट मोजून तंगूस, म्हणजे पतंगाची नायलॉनची दोरी, बांधायला लावला आणि दुसरं टोक शेताच्या बांधावर खुंटीला. दत्ता म्हणाला, "काका, ही काय शेळी आहे का?" तंगूस पंख्यात अडकला आणि शेळी हरभऱ्यात बसली. तेव्हापासून त्या ड्रोनचं नाव शेळीच पडलं. यंत्र वर गेलं की काका घड्याळ आणि वही घेऊन बसायचे. गेलं किती वाजता, आलं किती वाजता. मधे काय झालं ते त्यांनी कधी पाहिलंच नाही. आम्ही सगळे माना वर करून, आणि हे एकटे वहीत बघून.

आता माझी गोष्ट. जोडून झालेलं यंत्र शेडच्या आत, जाळी लावलेल्या खोलीत, गुडघाभर उचलून बघायचं असतं. दत्ताला कंटाळा आला की तो रिमोट माझ्या हातात द्यायचा. मी माहेरी ब्लाउज शिवायचे, हाताला हळूच चालायची सवय होती. यंत्र माझ्याजवळ गरीब गायीसारखं उभं राहायचं. दत्ता म्हणाला, "वहिनी, तुमच्याइतकं स्थिर मला बी जमत नाही राव." मला रात्री झोप येईना. मनात आलं, आपणही पायलट होऊ. गावोगावच्या बाया ड्रोन उडवतायत असे फोटो फोनवर यायचे. मी तर शेजारीच बसलेली.

हिंमत करून काकांच्या टेबलाशी गेले. "काका, मला बी प्रमाणपत्र काढायचं हाय."

"शिक्षण?"

"नववी पास."

त्यांनी फाइल उघडली, तीन पट्ट्या उचलून खाली बघितलं. "दहावी उत्तीर्ण असणे आवश्यक. अर्जदार अपात्र." आणि वर, "आजपासून जाळीच्या आतही रिमोटला हात नाही."

"आत तर नियम लागत न्हाई म्हणायलाय दत्ता."

"सरकारचा लागत नाही. माझा लागतो."

मी गच्चीवर जाऊन रडले. हिरव्या पट्ट्यात बसून. त्यांना मनातल्या मनात जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्यातलं बरंचसं त्यांच्या मानेबद्दल होतं.

मग आला भाऊंचा वाढदिवस. भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. कुठल्या पक्षाचे ते विचारू नका, तेही मधूनमधून विचारतात. चौकाचौकात फ्लेक्स लागले होते. भाऊंच्या माणसाने शेठना सांगितलं की तुमचा फवारणीचा मोठा ड्रोन आणा, टाकीच्या जागी टोपली लावा, केक कापताना भाऊंवर फुलं पडली पाहिजेत. शेठ हो म्हणाले. शेडच्या वाढीव पत्र्याच्या परवानगीचा कागद भाऊंच्या कुणाकडे तरी अडकला होता, नाही म्हणायची सोय नव्हती. दत्ता भावाच्या लग्नाला गावी. शेठनी मला बोलावलं. मी सवयीने डबा पिशवीत भरून गेले.

"तू उडव गं. पाच मिन्टांचं काम हाय. दत्ता म्हनतो तुझा हात लई गुणाचा हाय."

मला भीती वाटली आणि आनंदही झाला. दोन्ही एकाच वेळी झालं की माझ्या तोंडून फक्त 'हो' निघतं. नवऱ्याला फोन केला तर मशीनच्या आवाजात तो एवढंच म्हणाला, "शेठ म्हणतात ना? मग कर. नाही म्हणू नको."

मैदानावर मंडप, डीजे, पाच मजली केक, खुर्च्यांवर बायका, मांडीवर लेकरं. बंदोबस्ताचे पोलीस वडापाव खात होते. मी एका कोपऱ्यात चुन्याचा गोल आखून त्यात यंत्र ठेवलं. रिमोट हातात घेतला. तेवढ्यात रिक्षातून काका उतरले. एका हातात घडीची खुर्ची, एका हातात फाइल. सरळ गोलात आले, यंत्राला चिकटून खुर्ची मांडली आणि बसले.

शेठ पळत आले. "मामा! हितं कशापायी? उठा."

"उठतो. परवानगी दाखवा."

"अवो घरचं कार्य हाय!"

"घरच्या कार्याला घरातलं आकाश वापरा, महोदय. इथे माणसं बसलीत. नकाशात ही जागा पिवळी आहे. उडवणारीकडे प्रमाणपत्र नाही."

भाऊंचा माणूस आला. गळ्यात साखळी, डोळ्यावर गॉगल. "काय लफडंय, शेठ?" कळल्यावर हसला. "आजोबा, वाढदिवस कुणाचाय माहितीये ना? भाऊ हीच परवानगी."

काकांनी मान हलवायचा प्रयत्न केला. पट्ट्यामुळे सगळं अंगच हललं. "उत्तम. मग भाऊंनी सही करावी. नमुना सोबत आणला आहे." फाइलमधून एक कागद काढून त्यांनी मोठ्याने वाचला. डीजे नेमका गाणं बदलत होता, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं. "सदर यंत्र विनापरवाना उडवण्यास मी सांगितले असून, ते लोकांच्या अंगावर पडल्यास संपूर्ण जबाबदारी माझी राहील. कळावे."

भाऊंच्या माणसाने गॉगल वर केला. "म्या कशाला सही करू? म्या काय उडवतोय?"

"महोदय, आपण?" काकांनी कागद शेठपुढे धरला.

शेठ म्हणाले, "मामा, काय चेष्टा लावलीय?" पण हात पुढे केला नाही.

मग काकांनी कागद माझ्यापुढे धरला. "राहता राहिलात तुम्ही, अर्जदार. रिमोट तुमच्या हातात आहे. सही केलीत किंवा नाही केलीत, पोलीस नाव तुमचंच लिहितील. वाचता येतं ना? वाचा."

मी वाचलं. खाली लिहिलं होतं, 'सांगणाऱ्याची सही'. आणि सांगणारे दोघं एकमेकांकडे बघत होते. मी रिमोट काकांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "शेठ, मला भेव वाटायलंय. मी न्हाई उडवत." आयुष्यात कुणाला 'नाही' म्हणायची ती माझी पहिलीच वेळ, आणि तीही मी भीतीच्या नावावर खपवली.

शेठ मला काही बोलले नाहीत. सासऱ्याला बोलले, ते मी ऐकलं नाही असं धरू. आम्ही यंत्र गुंडाळून टेम्पोत ठेवत होतो तेवढ्यात भाऊंच्या माणसाने लग्नाचं शूटिंग करणारा एक जण पकडून आणला. त्याच्या छोट्या ड्रोनला झेंडूची पिशवी बांधली. ते बिचारं पिशवीच्या वजनाने डुलत वर गेलं, भाऊंच्या तीसफुटी फ्लेक्सला धडकलं, भाऊंच्या डाव्या डोळ्यातून आरपार झालं आणि केकच्या तिसऱ्या मजल्यावर बसलं. नशीब, लागलं कुणाला नाही. मोबाइलवर शूटिंग करत उभे असलेले पोलीस एकदम ड्यूटीवर आले. भाऊ माइकवर म्हणाले, "कोण आहे हा माणूस? याला कुणी आणलं?" आणि ज्याने आणलं होतं तोच म्हणाला, "ओळखत नाही, भाऊ."

त्या शूटिंगवाल्याला गाडीत बसवताना मी पाहिलं. केकची क्रीम बाहीला लागलेली, आणि तो सगळ्यांना एकच सांगत होता, "मला यांनीच सांगितलं होतं, विचारा ना." विचारलं कुणीच नाही. माझ्याच वयाचा होता. मी टेम्पोत चढले. काका शेजारी खुर्ची घडी करून मांडीवर घेऊन बसले होते.

मी म्हणाले, "काका, तुमच्यामुळं वाचले."

ते समोर बघत म्हणाले, "नोकरीत मी एकही पत्र अडवलं नाही, अर्जदार. कुणाची बदली, कुणाची जमीन, कुणाचं निलंबन. दिसायचं. नंबर टाकला, जाऊ दिलं. आज एक अडवून बघितलं." गळ्याचा पट्टा सारखा करून म्हणाले, "जमतं."

काकांना शिक्षा झाली. टेबल शेडबाहेर, कंप्रेसरच्या शेजारी. जावई महिनाभर बोलले नाहीत. पत्र्याचा कागद अडकला तो अडकलाच. कुणी काकांचं कौतुक केलं असेल असं समजू नका. दत्ता लग्नाहून आल्यावर म्हणाला, "म्हाताऱ्याने धंदा बुडवला." माझ्याही मनात तेच होतं थोडं थोडं, कारण धंदा बुडाला की आधी सोल्डरिंगवालीच जाते.

आठवड्याने त्यांनी मला कंप्रेसरजवळ बोलावलं आणि एक फॉर्म पुढे सरकवला. सतरा नंबरचा. शाळा सुटलेल्यांनी बाहेरून दहावीला बसायचा असतो तो. माझं नाव, गाव, सगळं भरलेलं. वर जावक क्रमांकसुद्धा.

"काका, मला न्हाई जमायचं."

"जमण्याचा रकाना फॉर्ममध्ये नाही. सही करा."

गावच्या शाळेतून दाखला हवा होता. शाळेने कळवलं की रजिस्टर सापडत नाही. काकांनी स्मरणपत्र पाठवलं. मग स्मरणपत्र क्रमांक दोन. तिसऱ्यात इतके नियम लिहिले की मुख्याध्यापकांनी मला फोन करून विचारलं, "बाई, हे कोण आहेत? मंत्रालयातले का?" मी म्हणाले, "हो." रजिस्टर दुसऱ्या दिवशी सापडलं.

शिकवायला मात्र काका कुचकामी. बीजगणितातला 'क्ष' बघून म्हणायचे, "याची किंमत काढण्याचे अधिकार आपल्याला आहेत का?" गणित मी दत्ताकडून शिकले, इंग्रजी नवऱ्याच्या फोनवरून. काकांनी फक्त रोज जेवणाच्या सुट्टीत लाल पट्ट्यातली आपली खुर्ची मला दिली, सावलीतली. स्वतः हिरव्यात उन्हात बसले. त्याची परवानगी त्यांनी स्वतःकडे मागितली आणि स्वतःच दिली, लेखी. अभ्यास होईपर्यंत मुदत होती.

मी दहावी पास झाले. काठावर, पण पास. गुणपत्रिका काकांपुढे ठेवली. त्यांनी ती उलटी-सुलटी पाहिली, फाइल उघडली, 'अर्जदार अपात्र' लिहिलं होतं त्यावर पट्टी चिकटवली आणि तिच्यावर लिहिलं, 'पात्र'. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाळू द्या. लगेच हात लावू नका."

आता माझं प्रशिक्षण सुरू आहे. दत्ताने हिंजवडीकडे दुसरी नोकरी धरली, तेव्हा शेठनाही पायलट हवाच होता. नवीन कायदा येणार असं सगळे म्हणतायत. कुणी म्हणतं सोपा होईल, कुणी म्हणतं दंड वाढतील. मला आपली धास्ती, दहावीची अट बारावी केली तर? हे मी काकांना बोलून दाखवलं. त्यांनी खण उघडून दाखवला. बारावीचा सतरा नंबर फॉर्म आणूनच ठेवलाय.

काका अजून कंप्रेसरजवळच बसतात. यंत्र गेलं, आलं, वहीत वेळ. आत काय लिहिलंय त्यात न पडता पत्रं सोडली तसंच, मधलं उडणं न बघता त्यांनी किती उड्डाणं सोडली असतील. एकदा मी विचारलं, "काका, कधी बघावंसं वाटत न्हाई का वर?" म्हणाले, "मानेला परवानगी नाही."

म्हणून माझा शब्द लिहून ठेवते. प्रमाणपत्र हातात आलं की पहिलं उड्डाण काकांच्या नावाचं. आधी अर्ज करीन, विहित नमुन्यात, त्यांच्याच टेबलावर. हिरव्या जागेतलं शेत बघीन, बांधावर त्यांची घडीची खुर्ची मांडीन आणि हातातली वही काढून घेईन. मी फाइल पट्ट्यांसकट वाचली आहे. वर किती जायचं त्याची हद्द आहे, खाली किती राहायचं त्याची नाही. यंत्र मी वर नेणारच नाही. समोरच्या पिकावर, सुरक्षित अंतर ठेवून, बसल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत आणून उभं करीन आणि तिथेच धरून ठेवीन, अजिबात हलू न देता, त्यांचं बघून होईपर्यंत.